पिठाचे दोन डबे

त्या घरातले पिठाचे दोन डबे मला अजून लख्ख आठवतात. एक मोठा, पत्र्याचा, तेलाच्या डब्याचं तोंड कापून केलेला. दुसरा लहान, स्टीलचा, लग्नात आलेला असावा असा. पोलीस खात्यात इतकी वर्षं काढली, चोऱ्या पाहिल्या, दोन गावांच्या दंगली पाहिल्या, समुद्रातून वर काढलेली प्रेतं पाहिली. पण निवृत्तीनंतर कुणी एखादी आठवण विचारली की मला आधी ते डबे दिसतात.

त्या वेळी मी रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची तर मुळीच नाही. बहुतेक जण अजून तिथेच राहतात आणि एकमेकांच्या दारावरूनच त्यांची वाट आहे.

ठाणं तसं शांत होतं. सकाळी हजेरी, मग ठाणे अंमलदाराकडून रात्रीच्या नोंदी ऐकायच्या, पासपोर्टच्या चौकशा, गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, चाललेली भावाभावांची भांडणं, हंगामात आंब्याच्या चोऱ्या. गणपती होऊन गेले होते, पाऊस ओसरला होता. अशात एके दिवशी सरकारी रुग्णालयातून पत्र आलं. विषबाधेचा संशय असलेले दोन रुग्ण दाखल, पोलिसांनी नोंद घ्यावी.

रुग्ण म्हणजे आई आणि मुलगा. मुलगा तिशीतला, स्वतःच्या लहान होडीवर खाडीत मासे मारणारा. पोटात पिळवटून येणारी कळ, उलट्या, चेहरा पांढराफटक. आईचं तर मनगट उचलत नव्हतं, हातातून पेला निसटत होता. गावात महिनाभर ओवा, हिंग, चूर्ण सगळं करून झालं होतं.

मी डॉक्टरांना भेटलो. त्यांनी मला मुलाच्या खाटेपाशी नेलं, त्याचा खालचा ओठ बोटाने खाली केला आणि टॉर्च मारला.

"हिरडीची कड बघा, साहेब."

दातांच्या मुळाशी शिसपेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक निळसर काळी रेघ होती.

"शिसं पोटात जात राहिलं की अशी रेघ येते. सगळ्यांनाच येते असं नाही, पण आली तर शंका घ्यावीच लागते. रक्ताचा अहवालही तेच सांगतोय."

"एकदम गेलंय?"

"नाही. थोडं थोडं. रोज."

त्या शब्दांनी प्रकरणाचा रंगच बदलला. एकदम गेलेलं विष कुणीही देऊ शकतं, अपघातानेही जातं. थोडं थोडं रोज जायचं, तर ते रोजच्या ताटातूनच जाणार. आणि त्या घरात ताट वाढणारी एकच होती. सून.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई ठाण्यात आली. पदर घट्ट धरून बाकावर बसून राहिली. अंमलदाराने दोनदा विचारलं, तरी "मोठ्या साहेबांनाच सांगीन" म्हणाली. आजारी माणसाची ती बहीण, सावर्ड्याला दिलेली. आई आणि भावाच्या आजारपणासाठी धावत आली होती.

"माझं नाव कुठं येता नये साहेब," ती म्हणाली.

"आधी सांगा तरी."

"घरात पिठाचे दोन डबे हायत. मोठ्यातलं माझी आई नि भाऊ खातात. बारक्यातलं वैनी एकटी खाते. तिला बघा काय झालंय काय! ठणठणीत हाय. डॉक्टर म्हणतायत, शिसं. आमच्या पडवीत जाळ्याचं शिसं पडलेलं असतंच ओ. तासून घातलंन असंल पिठात."

"वैनी असं का करेल?"

"ती आमच्यातली नाय. देवरूखकडची, शेतकऱ्याची. भावानं बाजारात बघितलंन, लगीन करीन तर हिच्याशीच म्हणाला. आईनं मन मारून होय म्हटलंन. सासू-सुनेचं कधी जमलं नाय." मग तिचा आवाज एकदम फुटला. "भाऊ एकच हाय ओ मला, साहेब."

खबर देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. काही हिशेब करून येतात, काही सूड घ्यायला येतात. ही बाई त्यातली नव्हती. ती भ्यायली होती, आणि भीतीला धरायला काहीतरी हवं असतं. तिला डबे सापडले होते.

महिलेचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. मी आमच्या महिला हवालदारांना बरोबर घेतलं. त्या अलोऱ्याच्या, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेल्या. माणसाशी बोलताना आवाज कधी चढवायच्या नाहीत. वाडीतलेच दोन पंच घेतले आणि आम्ही त्या घरी गेलो.

पडवीत जाळी टांगलेली होती. जाळ्याच्या खालच्या दोरीला बोटाच्या पेराएवढे शिशाचे तुकडे ओवलेले असतात, जाळं तळाला बसावं म्हणून. तसे सुटे तुकडे एका करवंटीत पडले होते. नणंद खोटं बोलत नव्हती.

सून पंचविशीच्या आतबाहेरची. नवरा आणि सासू रुग्णालयात, नणंद त्यांच्यापाशी, म्हणजे घरात ती एकटीच. आम्हाला पाहून घाबरली, पण पाणी द्यायला विसरली नाही. पाणी देताना तिच्या लक्षात आलं की आमच्यातला कुणीच तांब्याला हात लावत नाही. तिने तांब्या मुकाट्याने परत नेला. हवालदारबाई मग उठल्या, आत गेल्या आणि तिच्या हातून पेला घेऊन प्यायल्या.

मी डब्यांबद्दल विचारलं. तिने दोन्ही स्वतःच आणून पुढ्यात ठेवले.

"हा मोठा तांदळाच्या पिठाचा. ह्यांना नि आईंना तांदळाची भाकरी लागते. सकाळी, दुपारी, रात्री. भातावर भागत नाय."

"आणि हा?"

"हे नाचणीचं. माझं."

"तुम्ही मोठ्या डब्यातलं खात नाही?"

"नाय."

"कधीच?"

"कधीच नाय."

बाजूला बसलेल्या पंचाने दुसऱ्या पंचाकडे पाहिलं. ते तिलाही दिसलं.

"मला ती भाकरी गिळत नाय, साहेब," ती सांगू लागली. "आमच्याकडं डोंगरात नाचणीच. लहानपणापासून त्याच्यावरच वाढलेय. आई माहेराहून दळून पाठवते, कुणी येणारं असलं की. सुरवातीला इथल्या आई बोलायच्या मला, आमची भाकरी कडू लागते काय म्हणून. मग बोलायच्या थांबल्या."

"भाकरी कोण करतं?"

"मीच."

"पीठ कोण दळून आणतं?"

"मीच. तांदळाचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी तव्यावर टाकतानाच फुटते. म्हणून दर आठवड्याला थोडंच दळते."

"डब्याला आणखी कुणी हात लावतं?"

तिने जरा विचार केला. "नाय. मीच."

चौकशीत माणूस स्वतःला वाचवण्यासाठी एखादी फट शोधतो. शेजारीण येते, मांजर फिरतं, दार उघडं असतं, असं काहीतरी म्हणतो. मी तिच्यापुढे तीनचार वेळा तशी फट ठेवली. प्रत्येक वेळी तिने खरं उत्तर दिलं आणि फट बुजवली. तिच्या प्रत्येक उत्तराने तिच्याभोवतीचा संशय वाढत होता आणि तिला ते कळतही होतं. मला ते जाणवलं. पण जाणवणं हा पुरावा होत नाही. आम्ही पंचनामा केला, दोन्ही पिठांचे नमुने आणि करवंटीतलं शिसं सीलबंद केलं.

तोवर गडग्यापलीकडे माणसं जमली होती. आधी कुजबुज, मग मोठ्याने. "न्या हिला!" "दोन जिवांचा घात केलान!" मागच्या दारातून कोण आत गेलं कळलं नाही, पण तिचा भाकरीचा तवा अंगणात येऊन पडला. लोखंडी तवा जांभ्या दगडावर आपटल्याचा आवाज वाडीभर गेला.

सून हवालदारबाईंना म्हणाली, "ताई, मला इथनं न्या. मी इथं राहिले तर आज काय होईल सांगता येत नाय."

आम्ही तिला अटक केली नव्हती. ठाण्याच्या डायरीत मी स्वतः स्पष्ट नोंद केली की महिलेच्या सुरक्षिततेसाठी, तिच्याच विनंतीवरून, तिला ठाण्यात आणलं आहे. संध्याकाळी देवरूखहून तिचा भाऊ आला. बोलावल्यावर हजर राहण्याचं लिहून घेऊन तिला त्याच्याबरोबर माहेरी पाठवलं. कागदावर सगळं व्यवस्थित होतं. पण पोलिसांच्या गाडीत बसलेलं माणूस पाहिल्यावर डायरीत काय लिहिलंय हे कुणी विचारायला येत नाही. वाडीच्या दृष्टीने ती पकडली गेली होती.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. तांदळाच्या पिठात शिसं आहे. नाचणीच्या पिठात नाही.

वरिष्ठांचा फोन आला. "आता कशाची वाट बघताय? विष मोठ्या डब्यात, ती खाते लहान डब्यातलं. अटक करा."

"साहेब, थोडा वेळ द्या. एक गोष्ट पडताळायची आहे," मी म्हणालो.

त्यांनी वेळ दिला, नाराजीने दिला.

खरं सांगायचं तर मला थांबवलं ते माझ्याच घराने. मी घाटावरचा. आमच्याकडे ज्वारीची भाकरी. कोकणात बदली झाली तेव्हा पहिले काही महिने मला जेवल्यासारखंच वाटेना. मग बायकोने गावाहून ज्वारीचं पीठ मागवायला सुरुवात केली. मुलं इथल्या शाळेत रमली, शेजाऱ्यांकडची तांदळाची भाकरी त्यांना आवडू लागली. त्यामुळे आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरातही पिठाचे दोन डबे होते. एक मुलांचा आणि एक माझा. अहवाल आला त्या दुपारी मी जेवायला घरी गेलो, ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि मनात आलं, उद्या या घरात मुलं आजारी पडली तर हे दोन डबे पाहून लोक काय म्हणतील?

दुपारी ठाण्यात परत येऊन अहवाल पुन्हा सावकाश वाचला. त्यात एक वाक्य होतं, ते पहिल्यांदा वाचताना डोळ्यांखालून निसटलं होतं. शिसं पिठात अत्यंत बारीक स्वरूपात, सर्व भागांत सारखं मिसळलेलं आहे. आम्ही डब्याच्या वरून, मधून आणि तळातून असे वेगवेगळे नमुने घेतले होते. सगळीकडे सारखंच.

मी हवालदारबाईंना बोलावलं. "बाई, तासलेलं शिसं पिठात घातलं तर काय होईल?"

"तळाशी जाईल की साहेब. जड असतं ते. आणि भाकरी थापताना हाताला कच लागेल. मऊसूत तांदळाच्या पिठात तर लगेच कळेल. खाणाऱ्याच्या दाताखाली येईल ते वेगळंच."

"मग इतकं बारीक, इतकं सारखं कसं मिसळलं?"

 दोघांच्याही मनात एकाच वेळी तेच आलं असावं, कारण मी टोपी उचलली तेव्हा त्या आधीच दारात होत्या.

गिरणी वाडीच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला होती. पत्र्याची शेड, आत दगडाची जुनी चक्की. गिरणीवाला साठीला टेकलेला, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ बसलेलं. आम्हाला पाहून त्याने पट्टा सोडवून चक्की थांबवली आणि फडक्याने स्टूल पुसून पुढे केलं.

"बसा साहेब. त्या पोरीचंच इचारायला आलात ना?"

"काय माहिती आहे तिची?"

"चांगली पोर ओ. रांगेत कधी पुढं घुसायची नाय. माझ्या मनाला नाय पटत तिनं असलं काय केलंन असंल. पण आता लोकं बोलतायत." तो कसनुसं हसला. "माझ्या मनाला इचारतोय कोण?"

त्या हसण्यात त्याचे खालचे दात दिसले. मी उठून जवळ गेलो.

"तुम्ही पान, तंबाखू, मिश्री काही लावता?"

"नाय ओ. जन्मात शिवलो नाय."

"जरा चूळ भरा. मग उजेडात या आणि तोंड उघडा."

तो गोंधळला, पण पोलिसांनी सांगितलं म्हणून माठातलं पाणी घेऊन चूळ भरली. बाहेर उन्हात उभा राहिला. मी त्याचा खालचा ओठ खाली केला, डॉक्टरांनी केला होता तसा. दातांच्या मुळाशी निळसर काळी बारीक रेघ होती.

"पोटात दुखतं का तुमच्या?"

"दुखतंय ना. पावसापासनं. ग्यास हाय, दुसरं काय? ओवा खातोय." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज बदलला. "काय झालं ओ साहेब?"

"गिरणी बंद करा. आता पुन्हा सुरू करायची नाही."

पंच बोलावले, जवळच्या एका मिस्त्रीला आणलं आणि चक्की उघडली. वरच्या जड दगडाच्या मधोमध लोखंडी कडं बसवलेलं असतं, त्यात फिरणारा दांडा बसतो. त्या कड्याभोवतीच्या फटीत काहीतरी करड्या रंगाचं ओतून भरलेलं होतं. मिस्त्रीने त्यावर पटाशीचं टोक टेकवलं, तर आत चांदीसारखी चकाकी दिसली. त्याची खालच्या दगडाकडची बाजू घासून घासून झिजली होती. जे झिजलं होतं ते सगळं पिठात गेलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

गिरणीवाला ओट्यावर बसला. "शिसं," तो म्हणाला. "जाळ्याचं. पावसात कडं सैल झालं, दगड लडखडायला लागला. चक्कीचा मिस्त्री चिपळूणकडचा, तो येतो म्हणाला नि आलाच नाय. लोकांचं दळण पडून ऱ्हायलं. गणपती तोंडावर आलेले. मग मीच शिसं वितळवून ओतलं. घट्ट बसलं. मला काय ठावं ओ, असं होतं म्हणून?"

"शिसं कुठून आणलं?"

त्याने रुग्णालयाच्या दिशेने हात केला. "त्यानंच दिलंन. त्या पोरीच्या नवऱ्यानं. मी मागितलं, त्यानं पडवीतनं ओंजळभर आणून दिलंन. चक्की सुरू झाली तशी पहिलं दळण मी त्याचंच दळून दिलं."

 मग गिरणीवाल्यानेच विचारलं, "माझ्या घरात पण हेच पीठ हाय साहेब. माझी नात भाकरी खायला लागलीय आता. तिचं काय?"

त्याच दिवशी त्याच्या घरातल्या सगळ्यांना रुग्णालयात पाठवलं. डॉक्टरांशी बोलून वाडीत तपासणीचं शिबिर लावलं. पोटदुखी घेऊन गुपचूप बसलेली बरीच माणसं त्यातून पुढे आली. बहुतेकांचं थोडक्यात निभावलं होतं, कारण ती मुख्यतः भात खाणारी होती, भाकरी एखाद्या वेळेला. काही जण मोठं दळण बाजाराच्या गिरणीत नेत. आई आणि मुलगा तीन वेळा भाकरी खाणारे, दर आठवड्याला ताजं दळणारे, म्हणून त्यांना सगळ्यात जास्त भोगावं लागलं. नातीचा अहवाल आला तेव्हा त्यात शिसं होतं, पण वेळेवर कळलं होतं. ती बरी झाली.

त्या गिरणीतलं पीठ घराघरातून गोळा करणं हे वेगळंच काम होऊन बसलं. पोलीस दारात उभे राहून पीठ मागतायत, हे बायकांच्या गळी उतरेना. एकीने हवालदारबाईंना तोंडावर सांगितलं, "केलंन तिनं, नि अन्न आम्ही फेकायचं?" चक्कीचं सांगितलं तर म्हणे, पोलिसांनी त्या पोरीला सोडवण्यासाठी हे काढलं असेल.

मग गिरणीवाला स्वतः निघाला. रुग्णालयातून तपासून आलेला, हाताला सुई टोचलेल्या जागी कापूस तसाच. खांद्यावर रिकामं पोतं घेऊन तो प्रत्येक दारात गेला. "माझं दळण परत द्या," एवढंच म्हणायचा. "मी दळलंय ते परत द्या. चूक माझी हाय." त्याला कुणी नाही म्हणालं नाही. बायका डबे आणून पोत्यात रिकामे करत होत्या आणि तो पोत्याचं तोंड धरून खाली बघत उभा राहत होता. सगळं पीठ डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, विहिरींपासून लांब, खोल पुरून टाकलं.

निष्काळजीपणाबद्दल त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याने तो कोर्टात पहिल्याच तारखेला कबूल केला. शिक्षा म्हणून दंड झाला. नवीन चक्की बसवायला त्याला बराच काळ लागला. पुढे ती सुरू झाली तेव्हा लोक त्याच्याकडेच परत गेले.

सुनेविरुद्धची चौकशी मी बंद केली. तसा अहवाल वर पाठवला. वरिष्ठांनी फोन करून "बरं झालं थांबलात" असं म्हटलं. आमच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. तिला कळवावं म्हणून मी हवालदारबाईंना घेऊन देवरूखच्या पुढे तिच्या माहेरी गेलो.

तिची आई नाचणी वाळत घालत होती. सून बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं, गिरणी, कडं, शिसं, आणि ते कुणी दिलं तेही. तिने आधी विचारलं, "हे बरे हायत ना? नि आई?"

"दोघंही सुधारतायत, घरी आलेत. औषधं लागू पडलीत. मनगटाला थोडा वेळ लागेल, म्हणतात."

ती म्हणाली, "म्हंजे मी सुटले."

"हो. तुमच्यावर काहीच नाही. तसा कागद झालाय."

"तो कागद कुठं असतो साहेब?"

"ठाण्यात. एक प्रत वर."

"वाडीत कोण वाचणार तो?"

मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ह्यांचा दोनदा निरोप आला परवापासनं," ती म्हणाली. "ये म्हणतात. मी नाय म्हटलं. तिथं सगळ्यांच्या देखत मला गाडीत घातलं. सगळ्यांच्या देखत माझा तवा बाहेर टाकलान. आता मी गुपचूप मागच्या दारानं आत जाऊ? मग जन्मभर कुणाच्या पोटात दुखलं की माझ्याकडं बघतील." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही सांगा तिथं येऊन. मी बरोबर येते."

निर्दोष माणसाला गावात नेऊन सोडण्याचं, लोकांना जमवून सांगण्याचं कलम कुठल्याच पुस्तकात नाही. हवालदारबाई नुसत्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "उद्या सकाळी गाडी पाठवतो."

दुसऱ्या दिवशी वाडीच्या देवळापुढे लोकांना जमायला सांगितलं होतं. काही आले, काही आपापल्या पडवीतून पाहत होते. गाडी थेट देवळापर्यंत नेली. सून उतरली आणि माझ्या शेजारी उभी राहिली, मागे नाही. मी फार बोललो नाही. काय सापडलं, कुठे सापडलं, कसं पिठात गेलं, तेवढं सांगितलं. गिरणीवाला पुढे येऊन म्हणाला, "साहेब सांगतायत ते खरं हाय." नवरा अशक्तपणाने काठी धरून उभा होता. तो म्हणाला, "शिसं मी दिलं होतं." एवढंच बोलला.

मग लोक नणंदेकडे पाहू लागले. ती सासूला धरून कट्ट्यावर बसली होती. तिने मला नाव सांगू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मी ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ती आपणहून उठली.

"डब्यांचं पोलिसांना मी सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तवाही बाहेर टाका म्हणून दवाखान्यात परत जाताना मीच वाडीत सांगून गेले होते. वैनीचं काय चुकलं नव्हतं."

सून तिच्याकडे बघत राहिली. हसली नाही, जवळही गेली नाही. मला वाटलं होतं रडारड होईल, पायावर डोकं ठेवणं होईल. तसं काही झालं नाही. सासूच शेवटी नणंदेच्या खांद्याचा आधार घेत उठली. तिचं मनगट अजून नीट उचलत नव्हतं, तरी तिने तो हात सुनेपुढे केला आणि म्हणाली, "चल गो बायो घरी. ह्यांना पण पाणी दे, लांबून आलेत."

आम्ही त्या दिवशी त्या घरी पाणी प्यायलो, चहा प्यायलो. वाडीतले पाचसहा जण पडवीत येऊन बसले. तिने सगळ्यांना पाणी दिलं. सगळ्यांनी घेतलं. ती प्रत्येकाच्या हातातला पेला रिकामा होईपर्यंत थांबत होती.

या प्रकरणाने मला तपासातलं एक शिकवलं. विषबाधेत कुणाचं कुणाशी वैर आहे हे विचारण्याआधी कोण काय खातं आणि ते कुठून येतं, हे विचारायचं. जिच्या हातचं आपण रोज खातो तिच्यावर बोट दाखवणं फार सोपं असतं, कारण ती नेहमी जवळच असते. हे मी पुढे बऱ्याच नव्या अधिकाऱ्यांना सांगितलं आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

दुसरी गोष्ट मात्र मी आदेश म्हणूनच पाळली. पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे सांगून ठेवलं की, चौकशीला आणलेलं माणूस निर्दोष निघालं तर त्याला एसटीच्या थांब्यावर सोडायचं नाही. ठाण्याच्या गाडीतून, दिवसाउजेडी, त्याच्या दारापर्यंत न्यायचं, अधिकाऱ्याने स्वतः खाली उतरायचं, आणि वाडीत शिरताना हॉर्न जरा जास्तच वाजवायचा.